श्वास घ्यायला ऑक्सिजनच कशाला पाहिजे?

मागच्या अंकात खाडीच्या काळ्या चिखलाबद्दल लिहिताना मी ओघात टाकून दिलं होतं की तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी सल्फेटचा श्वास घेतात. एवढ्या एका वाक्यावर इतके मेल आणि व्हॉट्सॅप आले की यावेळचं सदर त्यालाच द्यावं लागतंय. कुणी चिडलंय, कुणी खूश आहे, दोघांनी तर सरळ एलियनवरच उडी मारलीय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळून फक्त गावं ठेवलीत.

प्रश्न (चिपळूण): जिवाणूला नाक नाही, फुफ्फुस नाही. सल्फेट म्हणजे तर मिठासारखा क्षार. तो श्वासात ओढणार कसा? हा शब्दांचा खेळ वाटतो.

निम्मी तक्रार बरोबर आहे. आपण छाती वरखाली करतो त्यालाही श्वास म्हणतो आणि पेशीच्या आत जे चालतं त्यालाही श्वसनच म्हणतो, आणि ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाक, फुफ्फुस, रक्त ही सगळी नुसती वाहतूक. खरं काम पेशीत. तिथे अन्नातून इलेक्ट्रॉन काढले जातात आणि शेवटी ते कुणाच्या तरी गळ्यात टाकावे लागतात, आपल्याकडे तो कुणीतरी म्हणजे ऑक्सिजन.

तुम्ही चिपळूणचे, म्हणून तुमच्याच गावचं उदाहरण घेतो. कोयनेचं पाणी खरं तर पूर्वेला कृष्णेकडे जाणारं, पण बोगद्यातून ते पश्चिमेला वळवून सह्याद्रीच्या कड्यावरून खाली सोडलं, म्हणून पोफळीला वीज तयार होते आणि वापरून झालेलं पाणी तुमच्या वाशिष्ठीत येतं. वीज किती मिळणार हे पाणी किती उंचीवरून किती खाली पडतं त्यावर. आता अन्नातला इलेक्ट्रॉन म्हणजे धरणातलं पाणी समजा, आणि ऑक्सिजन म्हणजे अगदी तळ, समुद्रसपाटीच. म्हणून आपल्याला एवढी ऊर्जा मिळते. पण पाणी समुद्रापर्यंतच गेलं पाहिजे असा काही नियम नाही ना, घाटात मध्येच एखाद्या पठारावर सोडलं तरी थोडी वीज मिळेलच. नायट्रेट जवळजवळ तळाशी, मँगनीज आणि लोखंडाचा गंज त्याच्या वर, सल्फेट बरंच वर आणि कार्बन डायऑक्साइड तर धरणाच्या भिंतीला लागूनच. आकड्यात सांगायचं तर पेशीतल्या इलेक्ट्रॉनला ऑक्सिजनपर्यंत पडताना साधारण १.१ व्होल्टचा उतार मिळतो, सल्फेटपर्यंत ०.१ च्या आसपास. बिचारे सल्फेटवाले तेवढ्यावर संसार करतात.

ह्यात अजून एक गंमत आहे. इलेक्ट्रॉन पडतो तेव्हा थेट टर्बाइन फिरत नाही, त्याच्या पडण्याच्या जोरावर पेशी आपल्या पडद्यापलीकडे प्रोटॉन चढवून ठेवते आणि मग तेच प्रोटॉन परत आत येताना एक प्रथिनाचं चाक फिरवतात, खरोखरचं गरागरा फिरणारं चाक, आणि त्यातून एटीपी म्हणजे पेशीची रोकड तयार होते. घाटघरला जसं आधी पंपानं पाणी वर चढवतात आणि लागेल तेव्हा खाली सोडून वीज करतात, अगदी तसंच. पीटर मिचेल ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं हे १९६१ मध्ये मांडलं तेव्हा बऱ्याच जणांनी उडवून लावलं होतं, १९७८ मध्ये त्यालाच नोबेल मिळालं. तर हे चाक फिरायला प्रोटॉन चढले म्हणजे झालं, शेवटी इलेक्ट्रॉन कुठे गेला ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सल्फेट "ओढण्या"बद्दल म्हणाल तर ते पाण्यात विरघळलेलं असतं, पेशी आत घेते, एवढंच.

आणि हो, इडलीचं पीठ फुगतं ते ह्यात धरू नका. ते किण्वन. तिथे इलेक्ट्रॉन बाहेरच्या कुणाला न देता अन्नाच्याच तुकड्यांवर परत टाकतात. एका ग्लुकोजमागे २ एटीपी सुटतात, ऑक्सिजनच्या श्वसनात तीसेक. फरक लक्षात आला असेल.

प्रश्न (तासगाव): आमच्याकडे गोबरगॅस आहे. त्यातही हेच चालतं का? आणि कधीकधी गॅसला कुजक्या अंड्याचा वास येतो तो का?

हेच चालतं, आणि तुमची टाकी हे ह्या विषयाचं घरगुती म्युझियम आहे असं समजा. शेणातले पहिले जिवाणू चोथा फोडतात, दुसरे त्याचं आम्ल करतात, त्यातून अ‍ॅसिटेट (व्हिनेगरमधल्या आम्लाचं रूप), हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि सगळ्यात शेवटी मिथेन करणारे येतात. हे जिवाणू पण नव्हेत, आर्किया नावाचं वेगळंच घराणं, कार्ल वूज ह्यांनी १९७७ मध्ये वेगळं काढलेलं. त्यातले काही हायड्रोजनमधले इलेक्ट्रॉन काढून कार्बन डायऑक्साइडवर टाकतात आणि मिथेन बाहेर सोडतात. म्हणजे आपण जो वायू उच्छ्वासात टाकतो तो ह्यांचा श्वास! टाकीतला बहुतेक मिथेन मात्र अ‍ॅसिटेट फोडून येतो, ते पाहुणे त्याच घराण्यातले पण धंदा जरा वेगळा. गाईच्या पोटातही हीच मंडळी असतात आणि तिचा मिथेन मुख्यतः ढेकरेतून येतो, लोक समजतात तसा मागून नव्हे.

आता वास. टाकीत सल्फेट किंवा गंधक असलेली प्रथिनं जास्त गेली की हायड्रोजन सल्फाइड निघतो. सल्फेटवाल्यांना मिथेनवाल्यांपेक्षा थोडा जास्त उतार मिळतो, म्हणून हायड्रोजनसाठी मारामारी झाली की सल्फेट असेपर्यंत तेच जिंकतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर, म्हणून खाडीच्या चिखलाला अंड्याचा वास येतो आणि लोखंडाबरोबर सल्फाइड होऊन तो काळा पडतो. भाताच्या खाचरात गोडं पाणी, सल्फेट कमी, तिथे मिथेन. एकाच नियमानं दोन वास (मिथेनला वास नसतो हे मला माहितीये, पत्र पाठवू नका).

एक गोष्ट मात्र गंमत नाही. हायड्रोजन सल्फाइड आपल्या पेशीत सायनाइडसारखाच काम करतो, ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देणारं शेवटचं एन्झाइमच बंद पाडतो. म्हणजे हवेत ऑक्सिजन असूनही पेशी गुदमरते. आणि गॅस वाढला की नाकच बधिर होतं, वास यायचा थांबतो. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून स्लरीच्या खड्ड्यात, सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरतो आणि त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात, हे आपल्याकडे दरवर्षी पेपरात येतं. बंद टाकीत उतरायचं नाही, कुणालाही उतरवायचं नाही.

प्रश्न (नाशिक, इयत्ता ९ वी): क्लोरिन किंवा फ्लोरिनचा श्वास घेणारे एलियन असू शकतात का? फ्लोरिन तर ऑक्सिजनपेक्षा जास्त इलेक्ट्रॉन ओढतो असं सरांनी सांगितलं.

सरांनी बरोबर सांगितलं आणि तू त्यातून योग्य प्रश्न काढलास, शाब्बास. कागदावर फ्लोरिनचा उतार ऑक्सिजनपेक्षाही मोठा. पण फ्लोरिनला धीर नाही. तो पाण्यावरच तुटून पडतो, पाण्यातला हायड्रोजन घेतो आणि ऑक्सिजन बाहेर काढतो. म्हणजे त्याचा श्वास घेणाऱ्याच्या अंगात पाणी नको, आणि आपल्यासारखं कार्बनचं अंगही नको, नाहीतर पहिल्याच श्वासाला पेट. ऑक्सिजनचा गुण असा की तो भुकेला आहे पण आळशी आहे. लाकडाच्या टेबलाभोवती सतत ऑक्सिजन असतो तरी टेबल आपणहून पेट घेत नाही, काडी लावावी लागते. पेशीला असाच गिऱ्हाईक हवा, नेईल भरपूर पण सांगू तेव्हा. शिवाय विश्वात हायड्रोजन आणि हेलियमनंतर ऑक्सिजनचाच नंबर, फ्लोरिन त्यामानानं अगदी चिमूटभर.

पण क्लोरिनवर फुली मारू नकोस, कारण त्याच्याशी खेळणारे इथेच आहेत. डिहॅलोकोकॉइडिस नावाचा जिवाणू ड्रायक्लीनिंगच्या सॉल्व्हंटसारख्या क्लोरिनवाल्या रसायनांवर इलेक्ट्रॉन टाकतो आणि एकेक क्लोरिन अणू सोडवत जातो, त्याला दुसऱ्या कशावर जगताच येत नाही. अमेरिकेत दूषित भूजल साफ करायला त्याला कामाला लावतात. दुसरे काही जिवाणू परक्लोरेटचा श्वास घेतात आणि त्यांची युक्ती तर फारच भारी, अर्धवट वाटेवर जे क्लोराइट होतं ते फोडून त्यातून स्वतःपुरता ऑक्सिजन काढतात आणि लगेच वापरून टाकतात. परक्लोरेट मंगळाच्या मातीतही आहे, २००८ मध्ये फीनिक्स यानाला सापडलं. ते खाणारं तिथे कुणी आहे असं अजून कुणालाही दिसलेलं नाही.

प्रश्न (पुणे): सिलिकॉनचे जीव?

त्यांचा उच्छ्वास म्हणजे वाळू. आपण कार्बन जाळला की वायू निघतो, सोडून दिला की झालं. सिलिकॉन जाळला की क्वार्ट्झ, घट्ट दगड. दर श्वासाला छातीत खडी साठवणारा प्राणी मला काही जमत नाही बुवा. कथांमध्ये जमतो, वाचायला मजा येते.

प्रश्न (मेहकर): लोणार आमच्यापासून जवळ. त्या पाण्यात कोण कसला श्वास घेतं? आणि ते गुलाबी झालं होतं त्याचा ह्याच्याशी संबंध आहे का?

लोणारचं पाणी खारं तर आहेच पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सोड्यासारखं अल्कली, पीएच १० च्या घरात. उल्का बेसॉल्टवर आदळून झालेलं, पावणेदोन-एक किलोमीटर रुंदीचं विवर. तळाच्या गाळात ऑक्सिजन पोचत नाही, तिथे मिथेन करणारे आर्किया सापडलेत आणि मिथेन खाणारेही सापडलेत, म्हणजे एकाचा उच्छ्वास दुसऱ्याचं जेवण.

पण मला लोणारमध्ये खरी मजा कशाची वाटते सांगू का, प्रोटॉनची. वर म्हटलं ना पेशी पडद्याबाहेर प्रोटॉन साठवते आणि ते आत येताना चाक फिरतं. आता बाहेर पीएच १० म्हणजे बाहेर प्रोटॉनचा दुष्काळ! बाहेर सोडलेला प्रोटॉन पाण्यात हरवायला बसलेलाच. अशा पाण्यातले जीव ह्यावर वेगवेगळे तोडगे काढतात, कुणी विद्युतभारावर जोर देतं, कुणी बाहेर टाकलेला प्रोटॉन पडद्यालगतच धरून ठेवतं, आणि काही तर प्रोटॉन सोडून सोडियमवरच संसार थाटतात, सोडियम बाहेर काढायचा आणि त्याच्या येण्यावर चाक फिरवायचं. खाऱ्या पाण्यात सोडियमला काय तोटा.

गुलाबी रंग जून २०२० चा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले तेव्हा ते मीठप्रेमी हॅलोआर्कियांच्या रंगद्रव्यामुळे असल्याचं दिसलं, पाणी आटून खारटपणा वाढला की ही मंडळी फोफावतात. श्वासाशी संबंध आहे, जरा लांबचा. ह्या घराण्यातल्या काहींकडे असं एक जांभळं प्रथिन असतं जे उन्हाच्या जोरावर थेट प्रोटॉन बाहेर ढकलतं. अन्न नको, इलेक्ट्रॉन नको, ऊन पडलं की पंप सुरू. सोलर पंप योजना त्यांनी आपल्या फार आधी राबवलीय.

प्रश्न (डोंबिवली): लोखंडाचा श्वास घेणारे जिवाणू वीज तयार करतात असं रीलमध्ये पाहिलं. मोबाईल चार्ज होईल का?

मोबाईल विसरा, पण रीलवाला खोटं बोलत नाहीये. सल्फेट पाण्यात विरघळतं, गंज विरघळत नाही, मग त्याचा श्वास घ्यायचा कसा? तर पेशीच्या बाहेर वायर काढून. जिओबॅक्टर नावाचा जिवाणू १९८७ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या पोटोमॅक नदीच्या गाळातून डेरेक लव्हली ह्यांनी वेगळा केला, तो आपले इलेक्ट्रॉन बाहेरच्या गंजाच्या कणापर्यंत पोचवतो. त्याच्या अंगावरचे तंतू म्हणजे नेमकं काय ह्यावर बरीच वर्षं वाद चालला, २०१९ मध्ये दिसलं की त्यातले काही म्हणजे हीमवाल्या प्रथिनांची एकामागे एक लावलेली माळ आहे, तेच हीम जे आपल्या रक्तात लोखंड धरून बसतं. आता गंजाच्या जागी तुम्ही इलेक्ट्रोड ठेवला तर त्याला काय फरक पडतो, तो इलेक्ट्रोडवर श्वास टाकतो आणि तुम्हाला करंट मिळतो. पण तो इतका बारीक असतो की समुद्रात बसवलेलं एखादं हवामानाचं उपकरण चालेल, तुमचा फोन नाही.

मला विचाराल तर ह्यापेक्षा भारी केबल बॅक्टेरिया. डेन्मार्कमध्ये ऑर्हूसच्या उपसागरातल्या गाळात लार्स पीटर नील्सन आणि मंडळींना विचित्र गोष्ट दिसली, वर ऑक्सिजन बंद केला की सेंटिमीटरभर खालच्या सल्फाइडवर लगेच परिणाम, इतक्या झटपट काही झिरपूच शकत नाही. म्हणजे खालून वर वीज वाहतेय! २०१२ मध्ये तार सापडली. हजारो पेशी एकाला एक जोडून सेंटिमीटर-सेंटिमीटर लांब धागा, खालचं टोक सल्फाइड खातं, वरचं टोक ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देतं, मधल्या सगळ्या पेशी नुसती वायर. तोंड तळमजल्यावर आणि नाक गच्चीवर.

नामिबियाच्या किनाऱ्यावरच्या थायोमार्गारिटाकडे जेवण खाली आणि श्वास वर ह्याच अडचणीवर तिसराच उपाय आहे. १९९९ मध्ये सापडलेला हा जिवाणू पाऊण मिलिमीटरपर्यंत मोठा, डोळ्यांनी दिसतो, कारण तो आतून जवळजवळ पोकळ आहे आणि त्या पोकळीत नायट्रेट भरून ठेवतो. समुद्र ढवळला की नायट्रेट भरायचं, मग गाळात पडून राहून महिनोन्‌महिने त्यावर काढायचे. दम धरून बसणं म्हणतात ते हे.

प्रश्न (मूळचे कोल्हापूरचे, सध्या सॅन होजे): इथून मोनो लेकला (कॅलिफोर्नियातलं खारं सरोवर) गेलो होतो तेव्हा आर्सेनिकवर जगणाऱ्या जीवाबद्दल ऐकलं. नंतर कुणी म्हणालं ते खोटं निघालं. नक्की काय?

दोन वेगळ्या गोष्टींची भेळ झालीय, आणि दोष तुमचा नाही, बातम्यांनीच ती केली.

आर्सेनेटचा, म्हणजे आर्सेनिकच्या एका क्षाराचा, श्वास घेणारे जिवाणू खरे आहेत. १९९४ पासून माहीत आहेत, मोनो लेकमध्येही आहेत. आर्सेनेटवर इलेक्ट्रॉन टाकायचा, आर्सेनाइट सोडायचं. खोटं ठरलं ते दुसरं. डिसेंबर २०१० मध्ये नासानं पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की मोनो लेकमधला एक जिवाणू डीएनएमध्ये फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक वापरतो. श्वासात नव्हे, हाडामासात. जगभर हेडलाइन झाल्या. २०१२ मध्ये इतर प्रयोगशाळांनी तोच जिवाणू घेऊन तपासला तर डीएनएत आर्सेनिक नव्हतं, गडी थोडक्या फॉस्फरसवर भागवणारा आणि आर्सेनिक सहन करणारा निघाला. तो पेपर छापणाऱ्या सायन्स साप्ताहिकानं जुलै २०२५ मध्ये मागे घेतला, लेखकांना ते मान्य नाही. मला त्या घाईच्या पत्रकार परिषदेचा राग अजून आहे, कारण तिच्यामुळे खरी गोष्ट झाकली गेली.

आणि खरी गोष्ट आपल्या देशात माणसांच्या जिवाशी आलीय. बंगालमध्ये गंगेच्या गाळात आर्सेनिक गंजाला चिकटून बसलेलं असतं, निरुपद्रवी. खाली ऑक्सिजन संपला की जिवाणू त्या गंजाचाच श्वास घ्यायला लागतात, गंज विरघळतो, आर्सेनिक सुटतं आणि ट्यूबवेलमधून हंड्यात येतं. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशातल्या त्या विषबाधेमागे हे श्वसन आहे.

प्रश्न (मालवण): चिंबोरीचं रक्त निळं असतं म्हणजे ती वेगळा श्वास घेते का?

नाही. ऑक्सिजनच घेते, फक्त वाहणारी गाडी वेगळी. आपल्याकडे लोखंडाचं हिमोग्लोबिन, खेकडा-कोळंबी-ऑक्टोपसकडे तांब्याचं हिमोसायनिन, ऑक्सिजन धरला की निळं. एसटीनं जा नाहीतर रेल्वेनं, मुक्काम तोच.

प्रश्न (ठाणे): जिवाणूंचं ठीक आहे हो. एखादा प्राणी ऑक्सिजनशिवाय राहू शकतो का?

राहतो, आणि त्यातला एक कदाचित तुमच्या हॉलमधल्या टाकीत पोहतोय. गोल्डफिश आणि त्याचा युरोपातला भाऊ क्रुशियन कार्प, हे गोठलेल्या तळ्याखाली ऑक्सिजन संपला तरी आठवडेच्या आठवडे, भाऊ तर महिनोन्‌महिने काढतो. आपल्या स्नायूत अशावेळी लॅक्टिक आम्ल साठतं आणि जीव जातो, हे त्याची दारू करतात आणि कल्ल्यांतून बाहेर सोडतात. रक्तातलं अल्कोहोल १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर जातं. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ३० आहे, तेव्हा हिवाळ्यात ह्या माशाच्या हातात किल्ली देऊ नये. पण हे श्वसन नव्हे, किण्वनच.

खरं वेगळं श्वसन हवं असेल तर जंत. लहानपणी ज्याच्यासाठी गोळी गिळली तोच, अ‍ॅस्कॅरिस. आतड्यात ऑक्सिजन अगदीच कमी, तिथे मोठा झालेला जंत फ्युमरेट नावाच्या रेणूवर इलेक्ट्रॉन टाकतो, आणि हा फ्युमरेट तो स्वतःच तयार करतो. त्यासाठी पडद्यातला इलेक्ट्रॉन वाहणारा रेणू बदलून दुसरा बसवतो. अंड्यातला जंत मातीत असतो तेव्हा मात्र आपल्यासारखा ऑक्सिजनवर. म्हणजे घर बदललं की श्वास बदलला. कितीही किळस आली तरी ह्या कारागिरीला दाद द्यावी लागते.

आणि २०२० मध्ये तेल अवीव विद्यापीठातल्या गटानं दाखवलं की सॅमन माशाच्या मांसात राहणारा हेनेगुया नावाचा दहाहून कमी पेशींचा परजीवी, जेलीफिशचा दूरचा नातेवाईक, त्यानं मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीत जिथे ऑक्सिजनचं श्वसन चालतं त्या भागाचा, जीनोमच टाकून दिलाय. ऑक्सिजनच्या श्वसनाची सोयच काढून टाकलेला प्राणी.

प्रश्न (बेंगळुरू): टायटनवर हायड्रोजनचा श्वास घेणारे जीव असतील असं म्हणतात. ह्याला काही आधार आहे की नुसती कल्पना?

कल्पनाच, पण हिशेब केलेली, आणि दोन्हीत फरक आहे. शनीचा चंद्र टायटन, पृष्ठभाग उणे १७९ अंश, पाणी दगडासारखं, तळी मिथेनची. २००५ मध्ये क्रिस मॅके आणि हेदर स्मिथ ह्यांनी हिशेब मांडला की वरून अ‍ॅसिटिलीन पडतं, हवेत हायड्रोजन आहे, दोघांचं मिथेन केलं तर मोलमागे ३३४ किलोज्यूल सुटतात. आपल्या मिथेनवाल्यांना मिळतं त्यापेक्षा हे बरंच जास्त. आता ह्यातली उलटापालट बघा. आपल्याकडे इलेक्ट्रॉन देणारं ताटात आणि घेणारा हवेत. टायटनवर देणारा हायड्रोजन हवेत आणि घेणारं अ‍ॅसिटिलीन ताटात. तिथला प्राणी आपल्याला म्हणेल हे लोक श्वास खातात आणि अन्न हुंगतात!

मग २०१० मध्ये खळबळ झाली, कारण गणितावरून दिसलं की हायड्रोजन खाली वाहतोय आणि पृष्ठभागाशी नाहीसा होतोय, आणि अ‍ॅसिटिलीनही अपेक्षेइतकं दिसेना. पण ह्याची जीवाशिवायची कारणंही असू शकतात हे तेव्हाच सांगितलं गेलं. खरी अडचण थंडीची, उतार भरपूर असला तरी उणे १७९ ला रेणू हलायलाच तयार नसतात. आणि पडदा कशाचा? पडदा नाही तर धरण नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात २०१५ साली कॉम्प्युटरवर अ‍ॅक्रिलोनायट्रिलचा पडदा जमवून पाहिला, २०१७ मध्ये तो रेणू टायटनच्या हवेत सापडलाही, २०२० मध्ये दुसऱ्या गणितानं सांगितलं की तो पडदा तिथे आपोआप जुळायचा नाही. नासाचं ड्रॅगनफ्लाय यान २०२८ ला निघून २०३४ मध्ये पोचायचंय, तोवर थांबा.

मी स्वतः पैज लावली तर शेजारच्या एन्सेलॅडस ह्या शनीच्याच दुसऱ्या चंद्रावर लावीन. तिथल्या बर्फातून उडणाऱ्या फवाऱ्यात हायड्रोजन असल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं, कार्बन डायऑक्साइडही आहे, खाली पाण्याचा समुद्र. म्हणजे तासगावच्या टाकीतला शेवटचा कारागीर तिथे उपाशी राहणार नाही. तो आहे असं नाही म्हणत, शिधा आहे एवढंच.

आणि कागदावरच्या हिशेबाला हसू नका. १९७७ मध्ये व्हिएन्नाच्या एंगेलबर्ट ब्रोडा ह्यांनी नुसतं ऊर्जेचं गणित करून लिहिलं की अमोनियाचे इलेक्ट्रॉन काढून नायट्राइटवर टाकणारा जीव निसर्गात असायला हवा, कारण उतार तर आहे, पण कुणाला दिसलेला नाही. नव्वदच्या दशकात हॉलंडमध्ये डेल्फ्टला सांडपाण्याच्या टाकीत अमोनिया कुठे गायब होतोय हे शोधताना तो सापडला, १९९९ मध्ये ओळख पटली. अ‍ॅनामॉक्स म्हणतात. वाटेत तो हायड्राझिन तयार करतो, तेच जे उपग्रहांच्या इंजिनात जाळतात, आणि ते विष पेशीत सांडू नये म्हणून शिडीसारख्या विचित्र चरबीच्या दाट पडद्यात कोंडून ठेवतो. हे कुणा विज्ञानकथा लेखकानं लिहिलं असतं तर संपादकानं कापलं असतं. आणि हा परग्रहावरचा नाही, गटारातला.

प्रश्न (सातारा, शिक्षिका): मुलांना ह्यातलं काही डोळ्यांनी दाखवता येईल का? लॅब नाही.

लॅब कशाला. विनोग्राड्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं १८८० च्या दशकातच सोय करून ठेवलीय. दोन लिटरची पारदर्शक बाटली घ्या, वरचा गळा कापा. तळ्याच्या किंवा ओढ्याच्या काठचा चिखल आणा, खडे-काड्या काढा. त्यातल्या थोड्या चिखलात फाडलेला वर्तमानपत्राचा कागद, एक उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक आणि अंड्याच्या टरफलाची पूड कालवून बाटलीच्या तळाशी भरा (सल्फेटसाठी चिमूट-दोन चिमूट प्लास्टर ऑफ पॅरिस टाकलं तर अजून छान), वर साधा चिखल, वर दोन-तीन बोटं ओढ्याचंच पाणी. हवेचे बुडबुडे काडीनं हलवून काढा, तोंडावर प्लास्टिक सैल बांधा आणि उजेडाच्या खिडकीत, थेट उन्हात नव्हे, ठेवून द्या.

दोन-तीन आठवड्यांत तळ काळा पडायला लागेल, ते सल्फेटवाले. दीडदोन महिन्यांत काळ्याच्या वर हिरवा आणि जांभळट पट्टा दिसेल, ते खालून येणाऱ्या सल्फाइडवर आणि उजेडावर जगणारे, आणि सगळ्यात वर पाण्यात नेहमीची हिरवी शेवाळं, ऑक्सिजनवाली. एक बाटली अंधाऱ्या कपाटात ठेवा, म्हणजे मुलांना फरक कळेल. झाकण घट्ट लावू नका, गॅस होतो. हाताळताना हातमोजे, नंतर साबण. आणि हेडमास्तरांना आधी सांगून ठेवा, वास येणार आहे.